सायलेन्सर, मी आणि एक बोळा

नळी हा माझा विषय आहे, हे आधीच सांगून टाकतो. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस गळती शोधण्यात. रस्त्याला कान लावून खाली पाइप कुठं फुटलाय ते सांगणारा माणूस मी. त्यामुळे मागच्या श्रावणात आमची गाडी एकाएकी ट्रॅक्टरसारखी गरजायला लागली आणि कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत जो तो "परचुरे, तुमचा सायलेन्सर गेला" असं सांगायला लागला, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. सायलेन्सर म्हणजे शेवटी काय? नळीच. एका टोकाने धूर आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझ्या विषयातलं काहीतरी घरात बिघडलं होतं.

आता आणखी एक गोष्ट. गाडी मला चालवता येत नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गाडी माझ्या नावावर आहे, पण चालवते आमची आनंदी. मी तीनदा परीक्षेला बसलो होतो. तिसऱ्या वेळी तिथल्या साहेबांनी मला खाली उतरवून पाणी दिलं आणि विचारलं, "घरात दुसरं कोणी आहे का?" होतं ना. आनंदी तेव्हा शाळेत गणित शिकवायची, वय सत्तेचाळीस. तिनं महिनाभर मला न सांगता पहाटे शिकून लायसन काढलं आणि एके दिवशी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलं. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून मी डावीकडे बसतो आणि "सिग्नल आहे बरं का" वगैरे सांगतो. ती "हो" म्हणते आणि तिला हवं तेच करते.

गाडीची माझ्याकडे असलेली जबाबदारी एकच. बोळा.

आमच्या घरात जितकी भोकं तितके बोळे आहेत. न्हाणीघराच्या मोरीत झुरळांसाठी बोळा, ओट्याखालच्या नळीत बोळा, खिडकीतून केबल येते तिथं बोळा. भोक उघडं टाकून झोपणारी माणसं कशी झोपतात हे मला कळत नाही. अकरा वर्षांपूर्वी पार्किंगमधल्या एका गाडीत उंदीर शिरला, त्याने वायरी खाल्ल्या, आणि तेव्हापासून मी रोज संध्याकाळी गाडी आली की खाली जाऊन सायलेन्सरच्या तोंडात जुन्या कापडाचा एक घट्ट बोळा ठोकतो. मगच चहा घेतो. सकाळी इंजिन सुरू झालं की दाबाने तो आपोआप उडून जातो, असं माझं शास्त्रीय मत होतं. उडून कुठं जातो याची चौकशी मी कधी केली नाही. झाडणाऱ्या मथुराबाई नेत असतील, असं धरून चाललो. कपाटाच्या खालच्या फळीवर बोळ्यांची चळत कायम तयार असायची. अकरा वर्षं रोज एक बोळा जातोय आणि तरी घरातले जुने पायजमे संपत नाहीत, हे मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तर गाडी गरजायला लागली. ती वेळही अशी की अठरा तारखेला नोंदणी संपत होती. वीस वर्षं झालेल्या गाडीला तपासणीला नेऊन उभं करावं लागतं. निरीक्षकाने पास केली तर आणखी पाच वर्षं, नाही तर भंगार. हातात बावीस दिवस होते. बंगळूरहून आमोदचा फोन आला. आमोद म्हणजे आमचा मुलगा. त्याला आमच्या गाडीचा आवाज बहुधा तिकडे ऐकू गेला असावा.

"बाबा, लेट इट गो ना आता. आईचं वय सदुसष्ट आहे. कॅब बुक करत जा. आणि प्लीज, नवीन वगैरे अजिबात घ्यायची नाही हं!"

फोन स्पीकरवर होता. आनंदी पोळ्या लाटत होती, ती लाटतच राहिली. नंतर तवा उतरवून म्हणाली, "ही गेली की माझं चालवणं संपलं." एवढंच म्हणाली. मंगळवारी वारज्याला दोन मुलींना गणित शिकवायला जाणं, मनात आलं की एकटीनेच खडकवासल्याला जाऊन पाण्याकडे बघत बसणं, हे सगळं त्या एका वाक्यात होतं. मी लगेच उठलो आणि जाहीर केलं, "सायलेन्सरचं मी बघतो." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली.

सल्ले तर विचारू नका. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामराव, टेलिफोनमधून निवृत्त, यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "थंड पेयाचा पत्र्याचा डबा घ्यायचा, उभा कापायचा, नळीला गुंडाळायचा, वरून तार. मी केलंय."

"टिकलं का?"

"इथून पुढच्या चौकात, कर्व्यांच्या पुतळ्यापर्यंत टिकलं."

तिसऱ्या मजल्यावरची उत्कर्षा घरून काम करते. ती फार गोड मुलगी आहे, पण तिनंही दारात येऊन सांगितलं, "काका, काकू गाडी काढतात तेव्हा माझी टीम विचारते, इज देअर अ हेलिकॉप्टर? मी हो म्हणून सांगते. नो प्रॉब्लेम. फक्त किती दिवस हेलिकॉप्टर सांगू?"

आधी प्रदूषणाचा दाखला तरी काढून ठेवू म्हणून आम्ही गेलो. तिथल्या माणसाने मागच्या नळीत त्याची कांडी घातली, पडद्याकडे बघितलं, कांडी काढून झटकली, पुन्हा घातली. "काका, गाडी चालू आहे ना?" मी म्हटलं, "अख्ख्या चौकाला कळतंय, तुम्हाला कळत नाही?" तो म्हणाला, "आकडाच येत नाही. धूर शून्य." मला इतका अभिमान वाटला की विचारू नका. वीस वर्षांची गाडी आणि धूर शून्य! पण त्याने वाकून खाली पाहिलं आणि कांडी गुंडाळून ठेवली. धूर मधेच पाच ठिकाणांहून बाहेर पडत होता, शेवटच्या टोकापर्यंत पोचतच नव्हता. "आधी सायलेन्सर बसवा, मग या," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

मग मी माझ्या पद्धतीने काम हाती घेतलं. चटई टाकून गाडीखाली शिरलो, टेपने मापं घेतली, आलेखाच्या कागदावर सायलेन्सरचा प्रमाणबद्ध आराखडा काढला, खाली तारीख घालून सही केली. तो घेऊन नाना पेठेत गेलो. सुट्या भागांच्या दुकानातल्या गृहस्थांनी आराखडा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला.

"धरण कुठं बांधताय?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी आतून एक लांबलचक सायलेन्सर आणून आराखड्यावर आडवा ठेवला. अगदी तंतोतंत! "परत घेणार नाही," ते म्हणाले. मीही म्हटलं, परत आणणार नाही. ऐटीत खांद्यावर टाकला आणि बसमध्ये चढलो. ते नागमोडी धूड घेऊन पुण्याच्या बसमध्ये उभं राहून बघा एकदा. कंडक्टरने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "सायलेन्सर." "मग ते गप्प बसेल. तुम्ही पुढे सरका," म्हणाला. डेक्कनला एका बाईंनी दांडी समजून त्याला भाजीची पिशवी अडकवली आणि उतरताना मला "थँक यू" म्हणाल्या.

घरी आल्यावर आनंदीने दिवाणखान्यात आडव्या पडलेल्या त्या वस्तूकडे नीट पाहिलं. "छान आहे," म्हणाली. "पण याचं तोंड डावीकडे निघतं. आपलं उजवीकडे आहे."

मी खाली उताणा पडून, वर बघत आराखडा काढला होता. त्यामुळे बाजू उलटी झाली होती. अकरा वर्षं रोज ज्या तोंडात बोळा घालतोय ते उजवीकडे आहे की डावीकडे हे मला आठवू नये? मला अशी लाज वाटली की मी सायलेन्सरवर चादर टाकली. आनंदी दुसऱ्या दिवशी सकाळी चादरीसकट तो मागच्या सीटवर ठेवून म्हणाली, "चला, बजरंगकडे."

बजरंग वारज्यात जांभळाच्या झाडाखाली गाड्या दुरुस्तीचं काम करतो. भोवती बारा-बारा मजल्यांचे टॉवर आहेत. ती सगळी जमीन त्याच्या आजोबांची होती. "समदं गेलं, ही गुंठाभर ऱ्हायली. म्हटलं इथं कायतरी आपल्या हातानं करू," असं तो सांगतो. बिल्डरने टॉवरखाली दुकानाचा गाळा देऊ केला होता, तो याने घेतला नाही. गाड्या खाली झोपून दुरुस्त करायला याला झाडाची सावली लागते.

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "काकू, चालू करा," म्हणाला. आनंदीने गाडी सुरू केली. आणि मग त्याने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. गाडीखाली सरकून त्याने नळीच्या बाजूने, बोटभर अंतर ठेवून, नुसता तळहात फिरवत नेला. जिथं वाफ लागली तिथं खडूने खूण. पाच खुणा. प्रदूषणवाल्याने पाच सांगितल्या होत्या, त्या पाच, आणि मग आणखी एक सहावी, डोळ्यांना मुळीच न दिसणारी. अहो, एकोणीस वर्षं मी जे कानाने केलं ते हा गडी हाताच्या तळव्याने करत होता! मी चटई न टाकता तसाच त्याच्या शेजारी आडवा झालो. "हात द्या," म्हणाला आणि माझा तळहात धरून सहाव्या जागी नेला. बारीक ऊबदार फुंकर लागली. खात्यात असतो तर मी याला उद्याच्या उद्या नोकरीवर घेतला असता.

माझा उलटा सायलेन्सर त्याने टाकून दिला नाही. मधला डबा चांगला आहे म्हणाला, तो कापून ठेवला. नळी मात्र नवी घेतली. तिच्यात काठोकाठ वाळू भरली, दोन्ही तोंडं बंद केली, तापवून लाल केली आणि जांभळाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात धरून हळूहळू वाकवली. "वाळू नसली की नळी मुडपती," त्याने सांगितलं. वाकवताना तो श्वास रोखून धरत होता, मीही धरला होता. बाक असा आला की कुठं चुरगळलं नाही, चपटं झालं नाही. नळ्यांत आयुष्य काढलेला माणूस सांगतोय, असं काम मी सरकारी वर्कशॉपमध्येसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग जुना सायलेन्सर कापला. आतून सगळा सडलेला. बजरंगने चिमटा घालून काहीतरी काळं ओढून काढलं. "काकू, ह्यात कायतरी हाय."

जळून कोळसा झालेला तो बोळा होता. एका कडेला माझ्या पायजम्याच्या निळ्या पट्ट्या अजून दिसत होत्या.

"उंदराने नेलं असेल," आनंदी म्हणाली.

"उंदीर एवढं गच्च ठोकत न्हाई," बजरंग म्हणाला. "कुणीतरी गाडी गरम असताना तोंड बंद केलंय. येक दिस न्हाई, लई दिस. वाफ आतल्या आत ऱ्हायली, पाणी झालं, अन आतनं सडत गेला. सायलेन्सर मेला न्हाई काकू, मारलाय."

मी जांभळाच्या झाडाचं निरीक्षण करत होतो. आनंदीने माझ्याकडे मुळीच पाहिलं नाही. नवा सायलेन्सर बसवून घरी येताना गाडी अशी चालली होती की टिकटिकणारं घड्याळ ऐकू यावं. उत्कर्षाने वरून अंगठा दाखवला, प्रदूषणाचा दाखला मिळाला, आणि मी मनातल्या मनात शपथ घेतली की यापुढे बोळा नाही.

तीन दिवस शपथ पाळली. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी श्यामराव भेटले. "परचुरे, पार्किंगमध्ये एवढा उंदीर बघितला," आणि हाताने दाखवलं ते मांजर होतं. "तुमचा सायलेन्सर नवा ना? त्यांना नवं आवडतं." तुम्हीच सांगा, मी काय करणार? बोळा घातला. सकाळी पाहिलं तर नव्हता. म्हटलं, नव्या सायलेन्सरचा दाब जास्त, लवकर उडाला असेल. इंजिन अजून सुरूच व्हायचं होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. खिशात एक जादा बोळा होता.

तपासणीचं मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला. आमच्यापुढे एकवीस गाड्या, सगळ्या जागच्या जागी उभ्या; निरीक्षकच एकेकीपाशी येणार. आनंदी इंजिन बंद करून कागद दाखवायला टेबलाकडे गेली. मी गाडीची राखण करत उभा. इतक्यात धूळ बसवायला पाण्याचा टँकर आला आणि फवारे उडवत थेट आमच्या रांगेकडे निघाला. पाणी! नव्या सायलेन्सरमध्ये! गाडी गरम होती, हे मला आठवत होतं. पण म्हटलं पाच मिनिटांचा प्रश्न आहे. बोळा घातला आणि छत्रीच्या टोकाने चांगला आत ठोकला. टँकर गेला. मागे एका सद्गृहस्थांनी धरणांवर गप्पा काढल्या, आणि मी रंगलो.

आमचा नंबर आला. निरीक्षक मॅडम तरुण होत्या, चेहरा असा की कोणाचं ऐकणार नाहीत. आनंदीने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, खोकली, गप्प. पुन्हा फिरवली. खोकली, गप्प. तिसऱ्यांदा नुसतीच हुंदका देऊन थांबली.

"सुरू होत नसेल तर बाजूला घ्या. नवी तारीख घ्या."

"आज शेवटचा दिवस आहे," आनंदी म्हणाली.

"मग आधी यायचं होतं मॅडम."

मी आनंदीचा हात पाहिला. तिनं तो किल्लीवरून काढून मांडीवर ठेवला. वीस वर्षांत घाटात, पुरात, गणपतीच्या गर्दीत तिनं अशी माघार घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. आणि दुसऱ्या खोकल्यालाच मला कळलं होतं की काय झालंय. मागे रांगेत पंचवीस-तीस माणसं होती. धरणांवाले सद्गृहस्थ आदराने माझ्याकडे बघत होते. गप्प राहिलो असतो तर कोणालाच कळलं नसतं. गाडी भंगारात गेली असती, एवढंच.

"मॅडम," मी मोठ्याने म्हटलं, "गाडीत काही दोष नाही. दोष माझ्यात आहे. सायलेन्सरमध्ये बोळा आहे. मी घातलाय."

"काय घातलंय?"

"बोळा. पायजम्याचा."

मी गुडघ्यांवर बसून बोटं घातली. लागेना. छत्री उलटी करून घातली, आणखी आत गेला. मागे कोणीतरी हसलं. मग डिकी उघडल्याचा आवाज आला आणि आनंदी माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या हातात हँगरची तार वाकवून केलेला हातभर लांब आकडा होता. मुठीकडे चिंधी गुंडाळलेली, चिंधी वापरून वापरून काळी पडलेली. तिनं तो आत घातला, मनगटाला एक हलकी गिरकी दिली आणि बोळा बाहेर. फस्स करून वाफ आली. सगळं मिळून तीन सेकंदांचं काम.

निरीक्षक मॅडमनी आकड्याकडे पाहिलं. "सवय दिसते."

"अकरा वर्षांची," आनंदी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, फक्त गणिताच्या बाईंचं आश्चर्य होतं. "रोज एकच असतो हो. सकाळचा मी काढला होता. आज दोन असतील हे मला कसं कळणार?"

गाडी पहिल्याच फेरीत सुरू झाली. मॅडमनी खाली वाकून बजरंगचा जोड पाहिला, त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?" पत्ता लिहून घेतला. मग सही केली. पाच वर्षं.

परतताना संगमवाडीपर्यंत मी एकही सिग्नल सांगितला नाही. शेवटी म्हटलं, "अगं, अकरा वर्षं! एकदा तरी सांगायचंस."

"सांगणार होते पहिल्या दिवशी. पण बोळा घालून वर आलात की तुम्ही इतके खूश असायचात. तुम्हाला चालवता येत नाही, तरी गाडीसाठी काहीतरी करता, असं वाटायचं ना तुम्हाला?"

मी खिडकीबाहेर बघितलं. डोळ्यांत धूळ गेली होती, असं नाही म्हणणार. रडू आलं होतं.

"आणि ते बोळे?"

"तेच आहेत. दर रविवारी धुते आणि फळीवर ठेवते. पंधरा होते. एक आत गेला तो मला सापडलाच नाही, तेव्हा हा आकडा केला. तोच बजरंगला सापडला. आता चौदा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कपाटाकडे गेलोच नाही. तशी शपथच घेतली होती, आणि या वेळी खरी. पण आनंदीनेच हाक मारली. पलंगावर चौदा बोळे ओळीने मांडले होते. प्रत्येकाला तिनं परकराची लालभडक नाडी शिवली होती, चांगली हातभर, टाके दुहेरी.

"गाडी थंड झाली की घाला," ती म्हणाली, "आणि नाडी बाहेर लोंबती ठेवा. मला लांबून दिसली पाहिजे."